आड आलेली चिंच

आमच्या ओळंब्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू येतं. दूरवरच्या एकट्यादुकट्या घरांना वायरलेस इंटरनेट पोहोचवायचं हे आमचं काम. तो खांब उभे करतो, मी गाडी चालवतो आणि लागेल तेव्हा शिडी धरतो. त्याने रोवलेला खांब केसभरही कलत नाही, म्हणून ओळंबा. शिवाय एकदा रोवलेला खांब त्याने कधी हलवलेला नाही, ही फुशारकी ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा एका टेकडीवर काम निघालं. तिथे वीज नव्हती. पण शहराकडून येणारा सिग्नल दरीपलीकडच्या एका घरापर्यंत न्यायचा, तर मध्ये टेकडीवर खांब हवाच. त्या घरातली सून ऑफिसचं काम घरी बसून करायची. नेट नाही तर नोकरी नाही. टेकडीवर एक आजोबा एकटेच राहायचे. त्यांनी अंगणात जागा दिली, वर चहाही पाजला. ओळंब्याने भर उन्हाळ्यात, सूर्य डोक्यावर असताना जागा ठरवली. खांबावर डिश, तिच्याखाली सोलर पॅनल, बुडाशी बॅटरीची पेटी. सगळं झकास.

थंडीत सूर्य दक्षिणेला कलला आणि अंगणातल्या चिंचेची सावली दुपारपासून पॅनलवर पडू लागली. बॅटरी भरेना, दिवस मावळला की नेट गुल. उन्हाळ्यात जागा बघताना थंडीतली सावली धरायची असते, हे आमच्या धंद्यातलं अ आ इ. तेच हा शहाणा विसरला होता. खांब अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला असता तर काम भागलं असतं. मी तसं म्हणालोही. पण खांब हलवायचा म्हणजे याचं नाक कापलं जाणार ना!

"चिंच आड येतेय, आजोबा," तो म्हणाला. "दुसरा इलाज नाही."

आजोबांची अख्खी दुपार त्या चिंचेखाली बाजेवर जायची. ते जरा वेळ वर फांद्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरीची नोकरी राहिली पाहिजे. पाडा." मी जाऊन गाडीत बसलो आणि दार मुद्दाम जोरात आपटलं.

नेट सुरळीत झालं, पण ओळंब्याचं बिनसलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. त्याचा डबा अर्धा परत जाऊ लागला. "भाऊजी, यांना झालंय तरी काय?" त्याच्या बायकोने मला विचारलं. काय सांगणार, कपाळ? टेकडीवर जायचं म्हटलं की याचं पोट दुखायचं.

शेवटी पॅनल पुसायला जावंच लागलं. आजोबा चिंचेच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते. बुंध्याला कोवळे कोंब फुटले होते आणि आजोबा ते एकेक करून मोडत होते.

"या, या," ते म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका हं. फुटले की मी लगेच मोडतो. तुमच्या पॅनलवर पुन्हा सावली नको."

ओळंबा शिडी चढला आणि पॅनल पुसत बसला. स्वच्छ झालेलं पॅनल पुन्हा पुसलं. खाली आजोबांचं काम चालूच होतं. माझा राग अनावर व्हायला आला, तेवढ्यात तो उतरला आणि त्यांच्यासमोर मातीत बसला.

"मोडू नका, आजोबा. झाड पाडायची गरजच नव्हती. जागा मी चुकीची निवडली. खांब हलवायची लाज वाटली, म्हणून चिंचेवर ढकललं."

आजोबांचे हात थांबले. ओळंब्याने गाडीतून पहार आणली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खड्डा खणायला लागला. तो रडत होता. मी फावडं घेतलं आणि माती उपसू लागलो.

बऱ्याच वेळाने आजोबा उठून आमच्याजवळ आले. त्यांच्या ओंजळीत मोडलेले कोंब होते.

"शिडी चढायच्या आधी बोलला असतात," ते म्हणाले, "तर यातले निम्मे तरी राहिले असते."