बाइंडिंगला गेलेली पुस्तकं

तळेगावच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथे बारकोड आणायचं ठरलं तेव्हा मी पुस्तकांच्या जुन्या नोंदकार्डांच्या बाजूने इतकं बोलले, की प्राचार्यांनी मला कोच लावला.

खरं कारण मी बोललेच नव्हते. कॉलेजची चौदा पुस्तकं माझ्या घरी होती. चोरलेली नव्हेत; वाचायला नेली, आवडली, राहिली. दरवर्षी पुस्तकांची मोजदाद आली, की त्यांची कार्डं मी ‘बाइंडिंगला’ असं लिहिलेल्या खणात सरकवत असे. कार्डं माणसाचं ऐकतात. बारकोडसाठी मात्र प्रत्येक पुस्तकाला जातीने हजर राहावं लागणार होतं. मग बावीस वर्षांची माझी अब्रू गेली असती. संशय फक्त आमच्या शिपाईभाऊंना. ते भुशीहून येतात, आणि मोजदादीला हमखास विचारतात, “मॅडम, ह्या बाइंडरचं दुकान कुटं हाय? आजून सुईच ओवतोय व्हय त्यो?”

कोचिंग कुसगावच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. दारात ‘परिवर्तनाचा प्रवास’ असा फलक, खाली पार्किंगचा बाण. कोच पस्तिशीचा, बिनमोज्यांचे बूट घातलेला. तो सल्ला देणार नव्हता. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, ही त्याची पद्धत. मला हायसं वाटलं. गप्प बसणं हा माझा धंदाच आहे.

“बारकोड आले तर तुमचं काय जाईल?” त्याने विचारलं.

मी कार्डांवरचं माझं अक्षर, सागवानी खण, पावसाळ्यात जाणारी वीज, सगळं सांगितलं. तो गप्प. मग मीही गप्प. बाहेर हिरवळीवर दुसरी तुकडी डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकत होती. एक गृहस्थ कुंडीवर आदळले. आमचा चहा आला आणि निवला.

“आणखी?” तो म्हणाला.

“चौदा पुस्तकं,” माझ्या तोंडून गेलं.

“कुठे आहेत?”

“घरी. विषयवार लावलेली.”

आता आतला आवाज, भीतीला मिठी वगैरे येणार म्हणून मी सावरून बसले. त्याने घड्याळ पाहिलं. “सोमवारी परत न्याल?”

हा सरळसरळ सल्ला होता, पण मी तक्रार केली नाही.

सोमवारी दोन पिशव्या घेऊन गेले. भाऊंनी एकेक पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, पाठीवरून बोट फिरवलं.

“झालं म्हनायचं बाइंडिंग. शिवन काय दिसंना पर.”

मी खाली बघून खण पुसत राहिले.

“आन् ही तेराच हायती, मॅडम.”

चौदावं त्यांच्या देखत पर्समधून काढलं, त्याला बारकोड लावून घेतला आणि रीतसर माझ्या नावावर घरी नेलं. पंधरा दिवसांनी नव्या यंत्रणेने मुदत संपल्याचा पहिला मेसेज पाठवला. तो मलाच आला. भाऊंनी तो कॉम्प्युटरवर वाचला, आणि बाइंडरला नमस्कार सांगितला.