मुठीत उरलेली सरकी

कापसाला सोन्याचा भाव आला, तशी पोथी ऐकायला कुणाला सवड उरली नाही आणि अमरावतीतल्या जुन्या पोथ्या वाण्याकडे पुड्या बांधायला जाऊ लागल्या. आमच्या शेजारचा आंधळा माळी त्या स्वस्तात आणायचा. घेताना सुटी पानं बोटांनी मोजायचा आणि तेवढ्या सरक्या कनवटीला लावायचा. गल्लीत वाचता येणारी मी एकटी. मी त्याला एक पान वाचून दाखवलं, की तो मुठीतली एक सरकी खाली ठेवायचा.

एकदा कंटाळून मी एक पान गाळलं.

"माय, ही सरकी उरली काहून?"

"वाण्यानं फाडलं असेल पान," मी खोटंच बोलले.

"घेताना मोजलं होतं मी. आंधळ्याले काय कळते, असं वाटलं तुमाले?"

त्यानं सगळ्या सरक्या पुन्हा मुठीत घेतल्या.

"पयल्यापासून वाचा."

चुलीवर वरण करपलं, पण शेवटची सरकी खाली ठेवेपर्यंत मी उठले नाही.