न केलेला सलाम

सकाळी पाव आणायला गेलो, तर आमच्या मशिदीचे मौलाना समोरून येताना दिसले. गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळलेला. बेकरीपाशी उभी असलेली माणसं त्यांना पाहताच गप्प झाली. कुणीही सलाम केला नाही, नुसते छातीवर हात ठेवून माना झुकवल्या. मला रागच आला. असं काय भांडण झालं, की यांनी सलामही बंद करावा?

मी तोंड उघडणार, तोच बेकरीवाल्या रफिकभाईंनी माझा दंड धरला. "सलाम करू नका हो! केलात तर त्यांना जवाब देणं भाग पडतं. घसा पार सुजलाय. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून सांगितलंय."

दर जुम्याला ऐकलेला तो आवाज मी वाऱ्यासारखा फुकटचा समजत आलो होतो. माझा निकाह त्याच आवाजाने लावला. अब्बांना माती दिली त्या दुपारी माझे पाय त्याच्याच आधाराने टिकले. तो एका माणसाच्या घशातून येतो आणि घसा दुखतो, हे कधी मनातही आलं नव्हतं. मोहल्ल्याला मात्र ते कळलं होतं.

मौलाना माझ्यापाशी आले. सवयीने त्यांचेच ओठ हलले. आवाज नव्हता, पण सलाम होता. आता जवाब माझ्याकडे होता.

"व अलैकुम अस्सलाम, मौलाना!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की भट्टीवरचा माणूसही वळून बघायला लागला.