बांधावरचं गेट

पुतळीच्या तोंडी लागायला कासूच्या खाडीकाठी कुणी धजत नसे. मिठागरातल्या उन्हानं तिचं कातडं रापलं होतं, तशी जीभही. नवरा गेल्यावर तिनं मिठागर सोडून चिंबोऱ्यांची पाटी डोक्यावर घेतली. खाडीच्या बांधावरून चालत स्टेशन, सकाळच्या गाडीनं रोह्याचा बाजार. त्यावरच दोन्ही लेकी उजवल्या.

पंच्याण्णव साली मितेशशेठनं बांधालगत इमारती उठवल्या. हायवेवर बोर्ड लावला : ‘स्टेशन पायी पाच मिनिटांवर.’ ती पाच मिनिटं गावाच्या बांधावरची होती. डांबरी रस्त्यानं वळसा घातला तर गाडी चुकणारच. शेठनं बांधावरच लोखंडी गेट बसवलं, फक्त आतल्या बिऱ्हाडांसाठी. राखणीला ठेवला पुतळीचाच धाकटा दीर, केरू.

“वयनी, शेठ नाय बोललाय. म्हावऱ्याचा वास येतो म्हनं लोकांना.”

“आनि तुला रं? माझ्याच हातचं म्हावरं खाऊन वाढलास ना?”

केरूनं मान वळवली, कुलूप काढलं नाही. गाडी गेली. उन्हं चढेपर्यंत अर्ध्या चिंबोऱ्या पाटीतच मेल्या.

पावसाळ्याआधी घरटी माणसानं बांधावर चिखल चढवायचा, ही गावाची रीत. एकदा चढवलेला चिखल कुणी काढायचा नाही. काढला तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात. त्या दिवशी शेठनं गेट सताड उघडून दिलं. फुकटात बांध पक्का होत होता.

पुतळीनं चिखलाची पहिली पाटी उघड्या गेटच्या पायाशीच उपडी केली. मागोमाग बाकीच्या बायांनी.

“ए बाई, तिथे कशाला?” शेठ ओरडत आला. “गेट कसं लागणार?”

“ते तू बघ. आमी बांधावर टाकतोय. तुझं गेट मधी आलं त्याला आमी काय करू?”

उन्हानं चिखल दगडासारखा झाला. गेट जागचं हलेना. शेठनं केरूच्या हातात फावडं दिलं. केरूनं ते खाली ठेवलं.

“माझंबी शेत बांधामागंच हाय, शेठ.”

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन पुतळी गेटपाशी आली, तसा केरू ओशाळं हसला. “ये, वयनी.”

“तू कोन रं मला ये म्हननारा?” म्हणत ती न थांबता गाडीकडं निघून गेली.