बॅटरीशिवायची सूट

चाकाचे नट सोडवायला बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच घ्यावा म्हणून मी नारायण पेठेतल्या अवजारांच्या दुकानात गेलो. एक गृहस्थ आधीच काउंटरला टेकून उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. मालकांचे थोरले भाऊ असावेत, असं मला वाटलं.

रेंचवर ऑनलाइन मिळत असलेली घसघशीत सूट मी मोबाइलवर दुकानदाराला दाखवत होतो. गृहस्थांनी मोबाइल माझ्या हातातून काढूनच घेतला.

"अहो, खालचं बारीक वाचा. यात बॅटरी नाही आणि चार्जरही नाही. नुसत्या यंत्राने कागद दाबून ठेवणार आहात का?"

मी वरमलो. त्यांनी कपाटातले तीन रेंच काढायला लावले, एकेक हातात तोलून पाहिला आणि मधला माझ्यापुढे सरकवला. "हा घ्या. मात्र नट आवळताना शेवटचा पीळ हातानेच द्या." वर दुकानदाराकडून थोडी सूटही त्यांनीच काढली.

"हे दर रविवारी येतात," दुकानदार त्यांच्यादेखत म्हणाला. "स्वतः आजवर एक स्क्रूसुद्धा घेतलेला नाही."

"घेणार आहे. सूट अजून वाढेल," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

निघताना मी आदराने विचारलं, "आपली गाडी कोणती?"

"गाडी?" त्यांना माझी कीव आली असावी. "गाड्यांवर अजून मनासारखी सूट कुठे आहे!"

आणि ते पायीच मंडईकडे निघाले. माझी चारही चाकं आजतागायत त्यांच्याच सल्ल्यावर फिरताहेत.