पुडीचा कागद

तेव्हा मी पनवेलजवळच्या आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर होतो. दुपारी खाडीवरून वारा येई आणि मी पेंगुळलेल्या डोळ्यांनी वैद्यकीय नियतकालिकं चाळत बसे. जुन्या अंकांत जुलाब, गोवर; नव्यांत रक्तदाब, मधुमेह. जुने अंक फाडून नर्सबाई गोळ्यांच्या पुड्या बांधत.

एकदा मिठागरात राबणारी एक म्हातारी तसलाच एक कागद हातानं सपाट करून घेऊन आली. “डाक्तर, यात आमच्या पायांचं काय लिवलंय?” मिठानं चिरा पडलेले पाय तिनं पुढे केले.

मी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. “काहीच नाही, आजी.”

“मंग तू लिव ना.”

इतक्या वर्षांनी लिहितोय. तेही संशोधन नव्हे, नुसती आठवण.