सिमेंटच्या बैलाले आवतन

पेटीतलं जुनं धोतर काढलं, तं सोग्यावरचा हळदीचा डाग पुन्हा समोर आला. दहा-बारा वर्षं झाली असतील. पोळ्याचा आदला दिवस होता. बायकोचा रिपोर्ट दुपारी मिळणार होता, म्हणून आम्ही अकोल्यात दवाखान्याजवळच्या पुतळ्यांच्या बागेत जाऊन बसलो. तिच्या दुखण्यापायी मी त्याच उन्हाळ्यात बैलजोडी विकली होती. बागेत सिमेंटचा शेतकरी, सिमेंटचाच नांगर अन् उन्हानं तापलेले दोन सिमेंटचे बैल. ती उठली, पिशवीतून डबी काढली अन् त्या बैलांच्या खांद्यांले तूप-हळद चोळाले लागली. घरूनच आणली होती, मले काही बोलली नव्हती. मंग एकाच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी गोठ्यातल्या जोडीचे खांदे चोळून ती असंच म्हणायची. राखणदार ओरडत आला, "ओ आजी, पुतळा काहून खराब करून राहिल्या? बुवा, पुसा ते!" बाकावरची माणसं हसली. मले लाज वाटली. "सिमेंटचा हाये तो, येडे," म्हणत मी धोतराच्या सोग्यानं दोन्ही बैलांचे खांदे पुसून काढले. ती हळूच म्हणाली, "आवतन देल्लं का मोडू नाही जी." दुपारी रिपोर्ट वाईट निघाला. पुढचा पोळा तिनं पाहिला नाही. सिमेंट पुसल्यानं कोणी मरत नसते, हे मलेही समजते. तरी डॉक्टरले एकदा विचाराचं होतं, ते राहून गेलं. आता कोणाले विचारू?